रंग आम्ही भरतो

“आता माझ्या मनात काय चाललंय, ते तुम्हाला बाहेर दिसणार का?” मेंदूचे काम चुंबकाच्या मदतीने टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्राच्या पाटावर आडवे झालेले, कानांत बोळे घातलेले आणि डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी कॉइल बसवलेले स्वयंसेवक मला हा प्रश्न हमखास विचारतात. यंत्राचा वेळ तासांच्या हिशेबाने मिळालेला असतो, त्यामुळे तेव्हा “नाही हो, निश्चिंत राहा” एवढेच उत्तर देऊन मी पाट आत सरकवतो. तुम्हीही तेच विचारलेत आणि घाई नाही, म्हणून सविस्तर लिहितो. कारण माझे ते “नाही” खोटे नसले तरी अपुरे आहे.

यंत्राला विचार दिसत नाही. चेतापेशींमधली विजेची हालचालही दिसत नाही. त्याला दिसते ते रक्त. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण स्वस्थ पडून असतानाही एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो वापरतो, आणि हा खर्च ज्या भागात वाढतो तिकडे रक्ताचा ओघ वाढतो. गंमत अशी की हा ओघ गरजेपेक्षा जास्त येतो, त्यामुळे काम करणाऱ्या भागातल्या रक्तात ऑक्सिजन कमी होण्याऐवजी वाढलेला आढळतो. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकाला वेगळा प्रतिसाद देते, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ साली दाखवले होते. त्याचा उपयोग मेंदूचे काम टिपण्यासाठी करता येईल, हे सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये उंदरांवर दाखवले आणि १९९२पर्यंत माणसांचे स्कॅन सुरूही झाले.

हे रक्त सावकाश येते. तुम्ही बोट हलवलेत तर त्याचा ठसा सर्वांत ठळक होतो तो पाच-सहा सेकंदांनी, आणि तेवढ्या वेळात तुमचे मन कुठल्या कुठे गेलेले असते. शिवाय आमच्या चित्रातला लहानात लहान ठोकळा बहुधा दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि त्यात लाखो चेतापेशी मावतात. चाळीतल्या कोणत्या खोलीत पाहुणे आले आहेत, हे नळाच्या पाण्याच्या वापरावरून ताडता येईल. ते आत काय बोलत आहेत, हे त्यावरून कसे कळावे?

वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या लाल-पिवळ्या डागांविषयी तर अधिकच सावधपणे बोलायला हवे. मेंदूत काहीही उजळत नाही. वीस सेकंद बोटे हलवा, वीस सेकंद स्वस्थ पडा, असे पुन्हा पुन्हा करून घेऊन आम्ही एका स्थितीतून दुसरी वजा करतो. उरलेला फरक बहुतेक वेळा दोन-तीन टक्क्यांच्या आतलाच असतो. तो कितीपेक्षा मोठा असला तर खरा मानायचा, ती रेघ आम्ही ओढतो आणि रेघेच्या वरच्या ठोकळ्यांत रंग आम्हीच भरतो. राखाडी राहिलेला मेंदू रिकामा बसला होता, असा त्याचा अर्थ मुळीच नव्हे.

ही रेघ बेफिकिरीने ओढली तर काय होते, हे क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एका मेलेल्या सामन माशाला यंत्रात ठेवून दाखवले. माशाला माणसांची छायाचित्रे दाखवली, त्यांच्या भावना ओळखायला सांगितले आणि सैल कसोटी लावताच मृत मेंदूतही काही ठोकळे ‘सक्रिय’ निघाले. हजारो ठोकळ्यांची एकाच वेळी परीक्षा घेतली की काही जण केवळ योगायोगाने उत्तीर्ण होणारच. या कामाला २०१२ साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे पारितोषिक, मिळाले, पण आमच्या क्षेत्रात हसण्यापेक्षा खजील होणाऱ्यांची संख्या जास्त असावी. पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकच माहिती ७० संशोधक गटांना दिली, तेव्हा त्यांचे निष्कर्षही सगळीकडे जुळले नाहीत.

तुमच्या प्रश्नामागची भीती मात्र निराधार नाही. पुण्याच्या सत्र न्यायालयाने २००८ साली एका खून खटल्यात दिलेल्या निकालात मेंदूच्या चाचणीचा आधार घेतला गेला होता. ती चाचणी एफएमआरआय नव्हती, डोक्याला इलेक्ट्रोड लावून केलेली विद्युत चाचणी होती. पण ‘मेंदूच साक्ष देतो’ ही समजूत तीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात अशा चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत, असे ठरवले, आणि माझ्या मते ते विज्ञानाच्या बाजूनेही योग्यच होते.

आता अपुरेपणाची गोष्ट. एड्रियन ओवेन यांच्या गटाने २००६ साली अपघातानंतर कसलीही जाण उरली नसल्याचे निदान झालेल्या एका तरुणीला यंत्रात ठेवून सांगितले, की टेनिस खेळत असल्याची कल्पना करा. मग, स्वतःच्या घरातल्या खोल्यांतून फिरत असल्याची कल्पना करा. दोन्ही वेळा निरोगी माणसांत दिसतात तेच वेगवेगळे भाग तिच्यातही दिसले. ती ऐकत होती. २०२३ साली टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संशोधकांनी तर तिघांना प्रत्येकी सुमारे १६ तास यंत्रात गोष्टी ऐकवून, नंतर ऐकलेल्या नव्या गोष्टींचा ढोबळ आशय संगणकाकडून शब्दांत उतरवून घेतला. पण एकाच्या मेंदूवर शिकवलेला संगणक दुसऱ्याच्या मेंदूपुढे निरुपयोगी ठरला, आणि त्या व्यक्तीने मनात मुद्दाम दुसरेच काही घोळवले की त्याची गाडी अडली. दोन्ही ठिकाणी आतल्या माणसाची साथ होती, म्हणूनच काही हाती लागले.

तेव्हा स्वयंसेवकांना मी आता सांगतो, की मनात काय हवे ते येऊ द्या, फक्त डोके हलवू नका. मिलिमीटरभर हालचालीनेही चित्रात नसलेले रंग उमटतात आणि ते निस्तरण्यात माझे दोन दिवस जातात.