पळसाला पाने शून्य

भाचीला शाळेतून एक कागद मिळाला होता, ‘वसंत ऋतूचे चित्र रंगवा’. त्यावर गुडघाभर हिरवळ, ट्यूलिपची फुलं आणि एक गुबगुबीत ससा. तिने खडू हातात घेऊन खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, “मावशी, हे कुठे असतं?”

फाल्गुन लागला होता. समोरची वेताळ टेकडी वाळक्या गवताने पिवळीफटक पडलेली. म्हटलं, चला, बघून येऊ. तिचा दादाही निघाला, कारण परतताना उसाचा रस ठरला होता.

पायाखाली पानांचा नुसता चुरा. आपल्याकडे पानगळ आणि पालवी अशा शेजारी-शेजारी नांदतात. एक फांदी झडत असते, दुसरी फुटत असते. पुढचे कोरडे महिने निभवायला झाडं पानांचा खर्च कमी करतात, आणि त्याच उघड्या फांद्यांवर फुलं उधळतात.

काटेसावरीखाली मुलं थबकली. फूल अख्खंच्या अख्खं गळतं आणि जमिनीवर थप्प वाजतं. भाच्याने एक उचललं. पाकळ्या जाड, ओलसर, लाल चामड्यासारख्या. मधला पुंकेसरांचा झुबका मोजता मोजता तो साठाच्या पुढे गेला आणि कंटाळला. फुलाच्या तळाशी चिकट ओल होती, त्यात मुंग्या. “वरचे आधीच पिऊन गेलेत,” भाची म्हणाली. वर साळुंक्या, बुलबुल आणि दोन कावळे यांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं.

पोरांना सगळ्यात आवडली ती गुलाबी फुलांनी लगडलेली उंदीरमारी. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. वनीकरणात पुण्याच्या टेकड्यांवर ते इतकं लावलं गेलं, की देशी झाडांना शोधत फिरावं लागतं. मी तोंड वाकडं करून हे सगळं ऐकवलं. “पण छान दिसतंय ना?” दिसत होतं खरं.

मागच्या उतारावर एकुलता एक पळस आहे. कुठेही जा, पळसाला पाने तीनच, असं मी फुशारकीने सांगितलं. दोघं मोजायला धावली. झाडावर पोपटाच्या चोचीसारखी केशरी फुलं खच्चून आणि पान एकही नाही.

“मावशी, शून्य!”

मी म्हण सावरायला गेले. पानं मागाहून येतात, एकेका देठाला तीन-तीन. “म्हणजे ही म्हण आत्ता चालत नाही,” भाच्याने निकाल दिला.

खरा वसंत मात्र सोसायटीच्या कुंपणभिंतीतच सापडला. फटीत उगवलेल्या पिंपळाच्या एका फुटव्याला भाचीने लाल लोकर बांधली आणि रोज पट्टी लावू लागली. पहिल्या दिवशी नुसता मिटलेला भाला. मग त्याची पापुद्र्यासारखी टोपी गळाली आणि आतून तांबूस, लुसलुशीत पान बाहेर आलं, दोन सेंटिमीटर. आठव्या दिवशी नऊ. रंग तांब्यावरून पोपटीकडे सरकलेला. मध्ये एक दिवस ती मोजायला विसरली तर रडारड झाली.

शाळेच्या कागदावरची हिरवळ तिने शेवटी विटकरी रंगवली. सशाला काय करावं कळेना, म्हणून तो तसाच पांढरा ठेवला.

पिंपळाची ती टोपी काडेपेटीत घालून माझ्या फ्रिजवर ठेवली आहे. येताजाता दोघं उघडून बघतात. वाळून आता काडीएवढी बारीक झाली आहे.