चाल आधी की शब्द?

संगीत नाटकाला चाली देणाऱ्याला हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: आधी गळा. शब्द आणि चाल त्यानंतर, आणि त्यांचा क्रम पदागणिक बदलतो.

जुन्या संहितांमध्ये पदाच्या डोक्यावर 'चाल : अमुक' असं छापलेलं असे. म्हणजे चाल ठरलेली आणि शब्द तिच्यावर बेतलेले. ही रीत वाईट नव्हती, पण तिच्यात पात्राचा स्वभाव हरवू शकतो. १९६७च्या 'कट्यार काळजात घुसली'त जितेंद्र अभिषेकींनी दोन गवयांच्या दोन गायकी चालींतूनच वेगळ्या ठेवल्या. तिथे चाल हेच व्यक्तिचित्रण.

गळा तपासायचा तो सकाळच्या रियाजानंतर नाही. नटाला दोन पानं संवाद खड्या आवाजात म्हणायला लावा आणि लगेच गायला सांगा. वरचा एखादा स्वर हमखास गेलेला असतो. चाल त्या उरलेल्या पल्ल्यात बांधायची. तिसऱ्या अंकातल्या पदाचा कळस तार मध्यमावर (वरच्या सप्तकातल्या 'म'वर) नेला, तर तालमीत टाळ्या मिळतील, पण लागोपाठच्या प्रयोगांत तो स्वर हुलकावणी देईल.

खरी अडचण द्वंद्वगीताची. पुरुष काळी एकमध्ये गातो (पेटीची पहिली काळी पट्टी त्याचा 'सा'), बाई काळी चारमध्ये. म्हणजे त्याचा पंचम ('प') हा तिचा षड्ज ('सा'). पद काळी एकमध्ये ठेवून एकच ओळ दोघांना दिली, तर तिला ती एक सप्तक वर, स्वतःच्या मध्यमापासून तार मध्यमापर्यंत ताणावी लागते आणि शब्द चिरकतात. म्हणून त्याच्याच 'सा'च्या हिशेबाने त्याच्या ओळी षड्ज ते तार षड्ज आणि तिच्या ओळी मध्य पंचम ते तार पंचम अशा वेगळ्या बांधाव्यात. ध्रुवपद दोघांनी एकत्र म्हणायचं असेल, तर ते मध्य पंचम ते तार षड्ज एवढ्यातच बसवावं. जागा तोकडी आहे, पण सुरेल राहते.

शब्दांच्या बाबतीत दोनच गोष्टी मी हट्टाने पाहतो. ऱ्हस्व अक्षरावर लांब मुक्काम नको, आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) 'तर', 'की', 'हा' असलं भरताड यायला नको. वरच्या स्वरावर 'इ' आणि 'उ' आवळतात, 'आ' मोकळा सुटतो. कवीकडे जाऊन एक शब्द बदलून मागणं हे चाल बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं. (कवी रुसतात, तो भाग वेगळा.)

पदापूर्वी लांब वाद्यसंगीत घालू नये, कारण तेवढा वेळ नट हात चोळत उभा राहतो. शेवटच्या वाक्याखाली ऑर्गनने षड्ज हळूच धरला, की चार मात्रा पुरतात. ऑर्गनचा सूर प्रयोगात बदलता येत नाही, म्हणून तबला त्याच्याशी जुळवायचा. पावसाळी दमट हवेत तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडून सूर उतरतो. मध्यंतरात तो पुन्हा पाहायलाच हवा. तबलजीला नटाचा चेहरा दिसेल अशी बैठक मांडा. नाहीतर तान संपल्याचं त्याला कळत नाही आणि सम चुकते.

बदली नट आला की सगळं हलतं. म्हणून स्वरलिपी सा-रे-ग-मध्ये लिहावी आणि पट्टी वरती वेगळी, पेन्सिलने. पट्टी दोन स्वर सरकली तर तबलाही दुसरा लागतो. एकच तबला ताणून तिथवर नेला तर त्याचा नाद मरतो. ध्वनिमुद्रित संगीतावर नाटक बांधलं असेल, तर ही सोय फार महाग पडते.

पैशांचं म्हणाल तर मोबदला एकरकमी की प्रयोगामागे, आणि बदलीच्या तालमींचे वेगळे की नाही, हे चाली ऐकवण्याआधी लिहून घ्यावं.