‘डार्क’ पुन्हा, चिठ्ठ्यांसकट : तिसऱ्या सीझनच्या मध्यापर्यंतची नोंद

‘डार्क’ ही नेटफ्लिक्सवरची जर्मन मालिका, विंडेन नावाच्या गावातल्या काळप्रवासाची. आधीच सांगते, खाली तिन्ही सीझनची गुपितं उघडी पडलेली आहेत. मालिका पाहिली नसेल त्यांनी इथूनच परत फिरावं. माझी भाची आणि शेजारचे काका यांना तर शेवटचा भाग होईपर्यंत ही नोंद वाचायला सक्त मनाई आहे. भाचीनं ते मान्य केलंय, पण तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही.

बैठक ठरलेली: शनिवारी रात्री, नाशिकला जेल रोडवर आमच्या घरी. जर्मन आवाज, इंग्रजी सबटायटल. इंग्रजी डबिंगवर पहिल्याच रात्री वाद झाला आणि मी जिंकले. मालिका मी आधी पाहिलेली, म्हणून माझं काम एवढंच: तोंड बंद ठेवायचं आणि लिहून घ्यायचं. भाची इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, काका नोट प्रेसमधून निवृत्त झालेत. दोघांनीही ‘डार्क’चा एक भागही पाहिलेला नव्हता. असे प्रेक्षक आता शोधून सापडत नाहीत, कारण मालिका २०१७ ते २०२० मधली. एव्हाना शेवट कुठून ना कुठून कानावर पडलेला असतोच.

नियम असा की भाग संपला की लगेच कुणी बोलायचं नाही. सुचलेली थिअरी चिठ्ठीवर लिहायची, आणि खाली ‘कशावरून’ हे लिहायचंच. नुसता अंदाज बाद. चिठ्ठी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जाते, आणि मालिकेत उलगडा झाला की सगळ्यांसमोर वाचली जाते. मी मात्र त्या रात्रीच वाचून घेते, मख्ख चेहऱ्यानं.

हा खटाटोप कशासाठी? शेवट कळल्यावर पुन्हा पाहताना सगळीकडे क्लूच दिसतात. प्रत्येक पिवळा रेनकोट, प्रत्येक लुकलुकणारा दिवा आपल्याकडे बघून डोळा मारतो. मला तपासायचं होतं ते वेगळं. उलगड्याच्या आधी, फक्त समोर आलेल्या गोष्टींवरून, डोकं चालवणारा माणूस कुठवर पोचू शकतो? जो आधी वापरता येतो तो क्लू. बाकी सगळी सजावट. सजावटीवर माझा राग नाही, पण वहीत तिचा रकाना वेगळा.

पहिल्या सीझनमध्ये सगळ्यात सरळ खेळलेला डाव मिकेलचा. पहिल्याच भागात तो वडिलांना, म्हणजे उलरिखला, पेल्यांची जादू दाखवतो. उलरिख विचारतो, कसं केलंस? पोरगं म्हणतं, प्रश्न ‘कसं’ हा नाही, ‘कधी’ हा आहे. त्याच भागात इनेस आपल्या मुलानं, मिशाएलनं, मरण्याआधी लिहिलेलं पाकीट घेऊन बसते. ४ नोव्हेंबर, रात्री १० वाजून १३ मिनिटांच्या आधी उघडू नये, असं त्यावर लिहिलेलं. ती घड्याळाकडे बघत थांबते, आणि त्याच रात्री मिकेल नाहीसा होतो. शेवटी जंगलात एका मुलाचा मृतदेह सापडतो. कपडे जुन्या काळचे, सोबत वॉकमन.

भाचीची पहिली चिठ्ठी: “मुलगा कुठे गेला ते शोधू नका, कोणत्या वर्षात गेला ते शोधा. कशावरून: जादूचं वाक्य, वॉकमन.” तिसरा भाग जवळजवळ सगळा १९८६ मध्ये घडतो आणि तिथे मिकेलला तरुण नर्स इनेस भेटते. त्या रात्रीची चिठ्ठी: “पाकिटावर वेळ घालणाऱ्याला ती रात्र आधीच माहीत होती. इनेस त्याच्याशी फार मायेनं वागते. म्हणजे मिकेल = ???” पाचव्या भागात उत्तर आलं. मिकेल हाच मिशाएल, म्हणजे मालिकेचा नायक योनास याचा बाप. चिठ्ठी वाचून झाल्यावर काका म्हणाले, “पोरी, प्रश्नचिन्हांच्या जागी नाव लिहिलं असतंस तर रविवारची मिसळ माझ्याकडून होती.” माझ्या मते मिसळ तिला मिळायलाच हवी होती. पत्राची वेळ, नर्सचं नाव आणि ‘कधी’ हा शब्द, तिन्ही गोष्टी उलगड्याच्या आधी टेबलावर मांडलेल्या होत्या. रहस्यकथेत याहून चोख हिशेब क्वचितच सापडतो.

रेडर चॉकलेटच्या वेष्टनाचं मात्र तसं नाही. पहिल्या सीझनमध्ये ते सापडतं, आमच्या दोघा प्रेक्षकांना त्याचं काहीच वाटलं नाही, आणि वाटणार तरी कसं? जर्मनीत हेच चॉकलेट १९९१ पासून ट्विक्स या नावानं विकलं जातं. तिथल्या चाळिशीतल्या माणसाला ते वेष्टन पाहून थेट शाळेचे दिवस आठवणार. उद्या आपल्याकडच्या मालिकेत २०१९ सालच्या गुहेत गोल्ड स्पॉटचं ताजं करकरीत झाकण सापडलं, तर काका खुर्चीतून उठतील आणि भाची मोबाइल बघत बसेल, तसंच हे. क्लू प्रामाणिक आहे, फक्त आपल्यासाठी ठेवलेला नाही. अशांसाठी वहीत तिसरा रकाना काढावा लागला: ‘गावकऱ्यांचे’.

आता ३३ वर्षं, म्हणजे मालिकेतली माणसं काळात जेवढी उडी मारतात ते अंतर. यावर आम्ही एक अख्खा शनिवार घालवला. भाग पुढे सरकलाच नाही. १९५३, १९८६, २०१९ हे अंतर मालिकेत सूर्य-चंद्राच्या चक्राशी जोडलेलं आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्यावर एका ओळीत बोळवण होते. आपल्या हाताशी पंचांग असताना आपण एवढ्यावर का थांबायचं? चंद्राचे बारा महिने साधारण ३५४ दिवसांचे, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकराएक दिवसांची तूट. आपण दर पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून ती भरून काढतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. ही तूट भरलीच नाही तर साचत जाते. अकरा गुणिले तेहतीस, ३६३. म्हणजे जवळजवळ एक अख्खं वर्ष. म्हणूनच रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून साधारण ३३ वर्षांनी पुन्हा त्याच दिवसांत येतो. भाचीनं कॅल्क्युलेटरवर नेमका हिशेब काढला: ३३ सौरवर्षं आणि ३४ चांद्रवर्षं यांत चार-साडेचार दिवसांचा फरक उरतोच. मालिकेत तर गुहेतला काळाचा दरवाजा अगदी तारखेला तारीख जुळवून चालतो. तेवढी मोकळीक लेखकाला द्यायला माझी हरकत नाही, पण ‘शास्त्रीय आधार आहे’ म्हणून छाती काढणाऱ्या थिअऱ्यांना हे चार दिवस जरूर विचारावेत.

काकांना मुळात आकडाच मोठा वाटला. “आपलं बरं, बारा वर्षांनी गुरू सिंहेत आला की सिंहस्थ. तेहतीस वर्षं थांबायचं म्हणजे माणूस जगतो का?” हसण्यावारी गेलं, पण मला तो मुद्दा धरून ठेवावासा वाटतो. नाशकात आपण काळ असाच मोजतो: २००३ च्या सिंहस्थात अमक्याचं लग्न झालं, २०१५ च्या सिंहस्थात रस्ता रुंद झाला, २०२७ ला बघू. बारा वर्षांत माणसं तीच राहतात, थोडी जून होतात. तेहतीस वर्षांत मूल बाप होतं, बाप आजोबा होतो. विंडेनमधल्या सगळ्या गुपितांना नेमकं एका पिढीचं अंतर लागतं. चंद्रसूर्य निमित्तमात्र आहेत, असं माझं मत होत चाललंय.

दुसऱ्या सीझनमध्ये वंशावळीनं आमची पार दमछाक केली. आधी आम्ही ती आपल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांसारखी लिहायला घेतली होती: आजोबा, वडील, मुलगे, ओळीखाली ओळ. काकांच्या घराण्याची नोंद पंचवटीत अशाच एका वहीत आहे, म्हणून त्यांना ही पद्धत आवडलेली. काहनवाल्ड, निल्सेन, डोप्लर, टीडेमान, चार घराणी, चार पानं. पोलीस अधिकारी शार्लोटपाशी पान फाटलं. तिची मुलगी एलिझाबेथ हीच तिची आई. वर जाणारी रेघ खाली येऊन मिळते, आणि वहीत अशा रेघेला जागाच नाही. काका बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसले आणि मग म्हणाले, “हिच्या श्राद्धाला नाव कुणाचं घ्यायचं?” आता आम्ही एक मोठा कार्डशीट घेऊन गोल काढलाय. रंग फक्त दोन, काळा म्हणजे मालिकेत सिद्ध झालेलं, लाल म्हणजे आमची थिअरी. नेटफ्लिक्सची स्वतःची वंशावळीची साइट आहे, तिथे आपण कुठल्या भागापर्यंत आलोय ते निवडता येतं. पण ती फक्त मीच बघते. त्या दोघांच्या हाती दिली की चुकीचं बटण दाबलं जाणार.

शार्लोटचा क्लू प्रामाणिक होता का, यावर माझं मन दोलायमान आहे. तिला आईवडील माहीत नाहीत, घड्याळजी टानहाउसनं तिला वाढवलंय, हे उलगड्याच्या आधी सांगितलेलं आहे. हरवलेली एलिझाबेथ पहिल्या सीझनमध्ये घरी परत येते ती नोआ या गूढ पाद्र्यानं आईसाठी दिलेलं खिशातलं घड्याळ घेऊन. नोआ आणि शार्लोट यांचं काहीतरी नातं आहे, इतपत भाचीच्या चिठ्ठीत होतं. पण ‘आई’ या जागी मुलीचं नाव घालायला कुठला प्रेक्षक धजावेल? रकाना रिकामा ठेवलाय.

काकांकडे येते. पहिल्या भागाच्या श्रेयनामावलीनंतर त्यांनी लिहिलेली चिठ्ठी मी जपून ठेवणार आहे. “सुरुवातीची चित्रं मधोमध दुमडल्यासारखी आहेत. डावं-उजवं तंतोतंत सारखं. छपाईत असं उगाच कुणी करत नाही, त्याला खर्च येतो.” नोटेच्या दोन्ही बाजूंची छपाई जुळते का हे बघण्यात आयुष्य गेलेला माणूस! आपल्यातल्या किती जणांनी पहिल्याच रात्री हे कागदावर उतरवलं असतं? तिसऱ्या सीझनमध्ये दुसरं जग उघडलं, आणि घरातली मांडणी उलट्या बाजूला गेलीय हे त्यांनी मिकेलच्या बहिणीच्या, मार्थाच्या, कपाळावरचे केस बघण्याच्याही आधी पकडलं. श्रेयनामावली बहुतेक जण सजावट म्हणून सोडून देतात. काकांच्या चिठ्ठीला तारीख आहे, त्यामुळे ती पहिल्या रकान्यातच बसते.

आणि आता ज्या चिठ्ठीमुळे मला तोंड बंद ठेवणं जड जातंय ती. दुसऱ्या सीझनच्या शेवटी वेगळी मार्था येते आणि योनासला सांगते की प्रश्न कोणत्या काळातून हा नाही, कोणत्या जगातून हा आहे. भाचीनं तिथल्या तिथे मिकेलचं वाक्य आठवून सांगितलं: आधी ‘कसं’च्या जागी ‘कधी’, आता ‘कधी’च्या जागी ‘कुठलं’. वाक्याचा साचा तोच. काकांनी काही न बोलता लिहिलं: “गुहेतल्या दारावरच्या खुणेला टोकं तीन आहेत. जगं दोनच दाखवली. तिसरं राहिलं. कशावरून: घड्याळजी म्हणाला होता, दोनाच्या जोड्यांत विचार करणं चूक.” टानहाउसचं ते बोलणं पहिल्या सीझनमधलं, त्याच्या दुकानातलं. सगळे तेव्हा कालयंत्राकडे बघत असतात, म्हणून ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

काकांचं बरोबर आहे हे आपल्याला माहीत आहे. तिसरं म्हणजे मूळ जग, १९७१ च्या अपघातात मुलगा, सून आणि नात गमावलेला टानहाउस, १९८६ मध्ये त्यानं चालू केलेलं यंत्र, आणि त्यातून फुटलेली दोन जगं. ‘आणखी एक जग आहे’ इथवर पोचायला पुरेसं साहित्य पहिल्या दोन सीझनमध्ये आहे, हे आता सिद्ध झालं. अपघाताचा मागमूस मात्र त्या दोन सीझनमध्ये मला सापडलेला नाही. म्हणजे उत्तराचा पत्ता काढता येतो, कारण नाही. शेवट आवडणारे आणि शेवटावर चिडलेले यांच्यातलं भांडण मला वाटतं इथेच सुटतं, दोघं वेगवेगळ्या प्रश्नाचं उत्तर मागतायत.

डब्यात अजून पडून असलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक भाचीची: योनासचा मित्र बार्टोश हाच नोआ. पहिल्या सीझननंतर जगभरच्या चाहत्यांनी हीच थिअरी उचलून धरली होती. चुकली, पण कशी! बार्टोश नोआचा बाप निघतो. घराणं बरोबर, पायरी एक सरकलेली. अशा चिठ्ठीला अर्धा गुण द्यायचा की शून्य, यावर नियम अजून ठरलेला नाही.

आणि व्योलरचा डोळा. त्या पोलिसाच्या डोळ्यावर पट्टी का, हे तो सांगायला लागला की दर वेळी कुणीतरी मध्ये येतं. दुसऱ्या जगात त्याचा डोळा धड आहे, पण हात नाही. भाचीनं यासाठी एक वेगळं पाकीट केलंय आणि त्यात दर आठवड्याला भर पडते. शेवटच्या जेवणाच्या टेबलावर काय होणार आहे हे मला ठाऊक असल्यामुळे मी या पाकिटाकडे बघतसुद्धा नाही.

सध्या तिसऱ्या सीझनचे चार भाग झालेत, चार उरलेत. काका म्हणतात शेवटचे दोन एकाच रात्री पाहून टाकू. माझा त्याला विरोध आहे. बार्टोशची चिठ्ठी सातव्या भागानंतर उघडायला हवी, आणि आठवा लावण्याआधी काकांना एक आठवडा मिळायला हवा, ही दोन जगं कुणी तयार केली ते नाव लिहून डब्यात टाकायला.