टाळावर पडणारे पाऊल

पार्किन्सनचे निदान झाले तेव्हा मला राग आला तो आजाराचा नव्हे, विठोबाचा. घरात पिढ्यानपिढ्यांची वारी आणि गळ्यात लहानपणापासून माळ असूनही मेंदूतल्या, हालचाली सुरळीत ठेवणारे डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत चालल्या होत्या. हाताला कंप सुटेपर्यंत त्यांतल्या निम्म्याहून अधिक गेलेल्या असतात, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणजे ज्या वर्षी मी फुगड्या घालत वाखरीला पोहोचलो होतो, त्या वर्षीही आत ही पडझड बहुधा सुरूच होती. बहुतेक रुग्णांत या आजाराचे नेमके कारण सापडत नाही, हे वैद्यकाचे उत्तर मला प्रामाणिक वाटले. समाचाराला आलेल्या मंडळींकडे मात्र कारणे भरपूर होती. कुणी पूर्वजन्मीचे भोग काढले, कुणी ही देवाची परीक्षा ठरवली. परीक्षाच घ्यायची होती तर अभ्यासक्रम तरी आधी सांगायचा, असे जन्मभर मास्तरकी केलेल्या मी त्यांना सुनावले आणि हरिपाठाला बसणे सोडून दिले.

तरीही आषाढीला निघालो, कारण पत्नीला वारी चुकवायची नव्हती आणि मला एकट्याला घरी ठेवायलाही ती तयार नव्हती. खानापूर तालुक्यातली आमची दिंडी बेळगाव, संकेश्वर, चिकोडी करत अंकलीला येते आणि कृष्णा ओलांडून मिरजेकडे वळते. माउलींच्या सोहळ्याचे अश्व ज्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून आळंदीला जातात, तो वाडा याच अंकलीत आहे. आम्ही पोहोचतो तोवर अश्व केव्हाच पुढे गेलेले असतात.

वाटेत खरा जाच होता तो गोळ्यांच्या वेळांचा. लेव्होडोपा ही या आजारावरची गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी लागते, कारण प्रथिने तिच्या शोषणाच्या आड येतात; दिंडीची पंगत मात्र कुणाच्या गोळीसाठी थांबत नाही. चिकोडीच्या अलीकडे एक कन्नड आजी ‘बर्री, मज्जिगी कुडीरी’ म्हणत ताकाचा तांब्या घेऊन पुढे आल्या, तेव्हा मी नुकतीच गोळी घेतली होती. नको म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. पत्नीने मोडक्या कन्नडमध्ये कारण सांगताच त्यांनी ताक आमच्या बाटलीत ओतून दिले आणि ‘आमेले’, नंतर प्या, असे बजावले.

अंकलीच्या पुलावर गर्दी दाटली आणि माझे पाय जागीच खिळले. या आजारात अरुंद जागी असे होते. मन पुढे जा म्हणते, पण पाऊल उचलत नाही. मागच्यांचा रेटा येऊ लागला. विणेकऱ्यांच्या ते लक्षात आले असावे. त्यांनी दोन टाळकऱ्यांना माझ्या दोन्ही बाजूंना उभे केले, चाल संथ केली आणि ‘रामकृष्णहरी’च्या ठेक्यावर उजवा पाय उचलायला सांगितले. पाय उचलला. त्यानंतर पलीकडच्या मांजरी गावाच्या बाजूला उतरेपर्यंत मी एकदाही अडखळलो नाही.

आजूबाजूच्यांनी लगेच पांडुरंगाचा जयघोष केला, आणि मला पुन्हा राग आला. आपोआप चालण्याची मेंदूची यंत्रणा बिघडली की बाहेरचा ठोका पावलाला आधार देतो, हे फिजिओथेरपिस्टने मला आधीच समजावले होते. ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या मेट्रोनोम या यंत्रावर त्या चालण्याचा सराव करून घेतात. रात्री मुक्कामावर मी हे विणेकऱ्यांना जरा तोऱ्यातच ऐकवले. ते ऊस पिकवणारे गृहस्थ; पायाला तेल चोळत शांतपणे म्हणाले, ‘असंल की मास्तर. पण टाळ तुमच्यासाठी वाजवला, एवढं तर खरं?’

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या विठोबाने मला बरे करावे अशी अपेक्षा होती, त्याच्यावरचा माझा रोष पंढरपुरातही गेला नाही. पदस्पर्शाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणे शक्य नसल्याने मुखदर्शन घेतले आणि काहीही मागितले नाही. आता सकाळी गल्लीत चालताना मोबाइलवर भजन लावतो. मास्तर पुन्हा देवाला लागले, असे शेजारी समजतात. मी ते खोडतही नाही आणि कबूलही करत नाही. पुढच्या आषाढीला जायचे आहे, आणि माझे ताट पंगतीच्या आधी वाढण्याविषयी विणेकऱ्यांशी बोलणे झाले आहे.