आमची वाटचाल : जुन्या चाकांना नवी झळाळी

भाऊ आणि मी हौसेखातर जुन्या गाड्या दुरुस्त करायचो. इंजिन सुरू व्हायचं, बॉडीला रंग लागायचा, चाकं मात्र तशीच कळकट राहायची. नवा सेट महाग, शिवाय जुन्या मॉडेलला बसणारी चाकं मिळतीलच असं नाही. म्हणून घरामागच्या शेडमध्ये आहेत तीच चाकं घासायला घेतली. ती पाहून ओळखीचे लोक आपापली चाकं आणून द्यायला लागले आणि त्यातूनच हा व्यवसाय उभा राहिला.

पॉलिश म्हणजे बफचं, म्हणजे फिरत्या कापडी चकतीचं काम, असा समज आहे. खरं तर बफ हातात यायच्या आधीच काम ठरलेलं असतं. ॲलॉय म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकावर बहुतेक वेळा लॅकरचा पारदर्शक थर असतो. खडा लागून किंवा फुटपाथच्या कडेला घासून तो एका जागी तुटला, की ओल आणि मीठ आत शिरतं आणि लॅकरखाली दोऱ्यासारख्या पांढरट रेघा सरकत जातात. वरून कितीही चोळा, त्या जात नाहीत. तो थर पूर्ण काढावाच लागतो. हे काम आम्ही उघड्यावर, जाड हातमोजे आणि चष्मा घालूनच करतो.

मग पाणी लावून घासणं. खोल ओरखड्यांवर 240 नंबरचा पॉलिश पेपर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), त्यानंतर 400, 600, 800, 1000, 1500 आणि शेवटी 2000. प्रत्येक पेपर आधीच्याच्या आडव्या दिशेने फिरवायचा, म्हणजे मागची रेघ राहिली असेल तर लगेच दिसते. 400 ची एखादी रेघ सुटली, तर बफनंतर उन्हात तीच आधी डोळ्यांत भरते. स्पोकच्या, म्हणजे चाकाच्या आऱ्यांच्या, कोपऱ्यात मशीन शिरत नाही, तिथे पेपर बोटाला गुंडाळूनच घासावं लागतं. आमचा सर्वांत जास्त वेळ याच कोपऱ्यांत जातो आणि माझ्या मते चाकाची खरी परीक्षाही तिथेच होते.

घरी करणाऱ्यांना आम्ही दोन गोष्टी बजावून सांगतो. क्रोमचा मुलामा दिलेलं चाक घासू नका; त्याची धूळ घातक असते. आणि ॲल्युमिनियमची धूळ साचू देऊ नका, ती पेट घेते. त्यामुळेच आमच्याकडे ठिणग्या उडवणारं लोखंडाचं ग्राइंडिंग वेगळ्या जागी चालतं.

काम वाढलं तशी ओव्हन आली, पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पावडर मारून ती भाजणं, सुरू झालं. तेव्हापासून तापमानावर आमची बारीक नजर असते. या चाकांच्या धातूला ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. जास्त तापवलं किंवा पुन्हा पुन्हा भाजलं, तर ती कमी होऊ शकते.

काही कामं आम्ही परत पाठवतो. चाक आलं की धुऊन आतली बाजू आणि स्पोकची मुळं तपासतो, चिरेची शंका आली तर त्यावर लाल डाय, म्हणजे चिरेत शिरणारा रंग, सोडतो. डाय पुसून पांढरा डेव्हलपर (आतला रंग वर ओढणारा थर) मारला की चिरेतून लाल रेघ वर येते. असं चिरलेलं चाक आम्ही वेल्डिंग करून चमकवत नाही. गिऱ्हाईक नाराज होतं, कधी दुसरीकडे जातं. पण त्या चाकावर माणसं बसणार आहेत.

नटाच्या बैठकीवर आणि हबला (चाक जिथे बसतं त्या गाडीच्या भागाला) टेकणाऱ्या भागावर आम्ही रंगाचा थर ठेवत नाही. तिथला रंग दबला की नटाची पकड सैल पडते. चाकं परत देताना रबरी व्हॉल्व्ह नवे घालतो, बॅलन्सिंग करून घ्यायला सांगतो. शिवाय 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर कंपनीने दिलेल्या मापाने, टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) नट पुन्हा तपासा, असं लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक सेटला बांधूनच देतो.