मुठीत काय होतं

मंगळवार, रात्री साडेअकरा.

झोप येत नाही म्हणून लिहितेय. तसं काही घडलंय असंही नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बारक्याचा फोन आला. "आत्ती, फ्लेक्ससाठी अण्णांचा फोटो सापडला. पण हातात ससं हायती. काय करू?" मी डब्यातली भेंडी चावत म्हणाले, "काढून टाक की. आता सगळं होतं मोबाईलवर." बास. मिनिटभराचं बोलणं. पुढं मी दुपारभर चलनं तपासली.

किती पटकन म्हणाले पण मी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, हसताहेत असा तो एकच फोटो. बाकी सगळ्यांत रेशनकार्डावर असल्यासारखे दिसतात. १९८४ साल. शाळू निघालेला, रानात नुसती धसकटं, आणि सोसायटीचे साहेब नवा कॅमेरा घेऊन आलेले. अण्णांचा उजवा हात वर, मुठीत मागच्या पायांना धरलेले चार ससे, शेजारी आमची कारवानी कुत्री मैना जीभ बाहेर काढून. डाव्या कोपऱ्यात परकराचं टोक दिसतं, ती मी.

संध्याकाळी बारक्यानं नवा फोटो पाठवला. काम सफाईदार केलंय पोरानं. ससे गेले, मागं माळ आणि आभाळ भरून आलं. अण्णा मात्र हात वर करून, मूठ आवळून उभे. मोर्चात घोषणा देताहेत जणू. उभ्या जन्मात मोर्चाला गेले नाहीत. मी खो खो हसले, आणि हसता हसता मधेच काहीतरी अडकलं.

सशांचं वाईट वाटतंय का? खोटं कशाला बोलू. त्या रात्री मी तीनदा रस्सा मागून घेतला होता. आईनं नळीचा तुकडा माझ्यासाठी बाजूला ठेवला म्हणून दादा रुसला होता. (दादाचं रुसणं तेव्हापासूनचं आहे. असो.) ससा ओरडतो तेव्हा तान्ह्या पोरासारखा ओरडतो, हेही मला माहीत होतं. ऐकलं होतं, आणि तरी जेवले होते. आज तोच आवाज आठवून अंगावर काटा येतो, तो पुण्यात राहून आलाय की वयानं, कळत नाही.

मग अण्णांची लाज वाटली का? त्यांच्या वर्षश्राद्धाच्या फ्लेक्सवर लाज?

आमच्या माळावरचा ससा म्हणजे पिंजऱ्यातला पांढरा ससा नव्हे. तो बिळात राहत नाही. ढेकळाच्या आडोशाला अंग चोरून बसतो, आणि पाय पडायच्या बेतात आला की उधळतो. कारवानी कुत्रं वासावर जात नाही, नजरेवर धावतं. सरळ पळाला तर ससा मेलाच. म्हणून तो ऐन तोंडाशी आल्यावर गर्रकन उलटा फिरतो आणि कुत्रं आपल्याच वेगानं पुढं घसरत जातं. चढाला ससा सुटतो, मागचे पाय लांब असतात ना. उताराला सापडतो. अण्णा आपले चढाच्या बाजूनं उभे राहायचे. जाळी लावून धरणाऱ्यांना ते चोर म्हणायचे. कुत्र्यानं पळून धरला तर शिकार, सुटला तर त्याचं नशीब. यात काहीतरी न्याय आहे असं मला लहानपणी फार वाटायचं. सशाला कुणी विचारलं नव्हतं.

आणि अण्णांचा तो न्यायही सगळ्यांना सारखा नव्हताच. वरच्या माळाला फासे लावले म्हणून एका पारध्याला त्यांनीच पोलीसपाटलाच्या दारात उभं केलं होतं. त्याच्या झोळीत दोन ससे निघाले. अण्णांच्या मुठीत चार आहेत. त्या माणसाचा कुणी फोटो काढला असेल तर तो चौकीत काढला असेल. याच्यावर आज जास्त लिहीत नाही.

वन्यजीवांचा कायदा तेव्हाही होता, १९७२ चा. ससा त्यात बारीक शिकारीच्या यादीत होता, परवाना काढून मारता यायचा. १९९१ च्या दुरुस्तीनं ती परवान्याची वाट बंद केली. अण्णांकडे परवाना म्हणाल तर सायकलचा बिल्ला होता. आज कुणी असा फोटो स्टेटसला ठेवला तर वनखात्याची गाडी दारात येईल, आणि यावीच. बारक्याला मी हेच कारण देऊ शकले असते. केस होईल रे, काढ. पण मी ते म्हणाले नाही. तेव्हा कायदा माझ्या डोक्यातसुद्धा नव्हता. डोक्यात होतं ते माझ्या ऑफिसातल्या बायका फेसबुकवर हा फोटो बघतील ते.

हे लिहून झाल्यावर जरा बरं वाटलं. म्हणजे वाईटच, पण निदान काय ते कळलं.

मघाशी पाणी प्यायला उठले तर फ्रिजवर भाच्यानं कधीतरी लावलेलं जुनं तिकीट दिसलं, मुधोळ हाउंडचं. टपाल खात्यानं २००५ मध्ये देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यातलं. ज्याला आम्ही कारवानी म्हणतो त्यालाच ते मुधोळ म्हणतात. आता त्याचे दिवस आलेत. मुधोळच्या घोरपडे राजांनी इंग्लंडच्या राजाला जोडी भेट दिली होती हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगतं. २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं, आणि सैन्यानं कुत्री नेली तेव्हा दादानं पेढे वाटले होते, जणू त्याचीच पोरं भरती झाली. मजा अशी की त्याच २००५ च्या फेब्रुवारीत तिकडे इंग्लंडात कुत्रे सोडून ससे मारायला बंदी आली. त्यातही गंमत, माळावरच्या सशाला संरक्षण, बिळातल्याला सूट. मराठीत दोघंही ससेच, आपल्याला हा कायदा लिहिताच आला नसता.

पण मी बघत होते ते कुत्र्याचं अंग. खोल छाती, पाठीला लागलेलं पोट, लांबट अरुंद तोंड. यातलं काय सशामुळं नाहीये? पिढ्यान्‌पिढ्या सशामागं पळून पळून ते अंग तसं झालंय. आणि तिकिटावर कुत्रं एकटंच उभं आहे. ऐटीत. म्हणजे टपाल खात्यालाही कुणीतरी बारक्या भेटला होता.

तिकिटाकडं बघून मैना आठवली. तिच्या शेवटचं नको आज.

ससे भाषेतून मात्र निघता निघत नाहीत. ससेमिरा हा शब्द सशाचा नाही हे मला कॉलेजात कळलं, पण ससेहोलपट शंभर टक्के सशाचीच. परवाच मार्चएन्डच्या मीटिंगमध्ये मी मोठ्या साहेबांना म्हणाले होते, "आमची नुसती ससेहोलपट चाललीय." तेव्हा मी ससा होते. फोटोत कोण आहे मी? परकराचं टोक. पोटात भूक, आणि बापाचा अभिमान. खरंच होता अभिमान, फार होता. तोच तर कापला दुपारी, भेंडी खाता खाता.

रडायच्या बेतात होते, एवढ्यात बारक्याचा मेसेज. इतक्या रात्री जागाच. फ्लेक्सवाला म्हणतोय, रिकामी मूठ बरी दिसत नाही, हातात काहीतरी देऊ. पर्यायही पाठवलेत: शाळूची कणसं, भगवा झेंडा किंवा गुलाबाचा गुच्छ. गुच्छ घेतलेले अण्णा डोळ्यांसमोर आले आणि मी अंधारात एकटी हसत बसले.

आईला फोन केला. तिला झोप नसतेच. म्हटलं, बघितलास का फोटो? म्हणाली, "बघितला. ससं कुठं गेलं?"

मी म्हटलं, काढले. लोक काय म्हणतील.

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "च्यार हुतं. त्यातला एक त्या सायबाला दिला शिजवून. पितळंचा डबा हुता माझ्या म्हायेरचा. अजून आला न्हाई."