मानेच्या ऑपरेशननंतर

आज मामाला मिरजेला न्यूरोलॉजिस्टकडे नेलं. मानेचं ऑपरेशन होऊनही हातातली ताकद जातच चाललीय, शर्टाचं बटणसुद्धा लागत नाही. डॉक्टरांनी आधी जीभ बघितली. तिचे स्नायू बारीक फडफडत होते. मानेत नसा दबल्यानं जीभ अशी होत नाही, म्हणाले. शिवाय नस दबल्यासारख्या मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. मग ईएमजी, म्हणजे बारीक सुई घालून स्नायूंतले विजेचे संकेत बघायची तपासणी. मोटर न्यूरॉन डिसीजचा, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाण्याच्या आजाराचा, संशय आहे. तो एका तपासणीत पक्का होत नाही, बाकीचे आजार एकेक वगळावे लागतात. साठीनंतर एमआरआयत मानेची झीज बहुतेकांना दिसतेच, त्यामुळे ऑपरेशन करणाऱ्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. मामी मात्र सारखी विचारत होती, "मग मान उघडली कशाला रे?" काही महिन्यांनी पुन्हा ईएमजी. तोवर जेवताना ठसका लागतो का, बघायला सांगितलंय.